टोस्ट रॅक, १८७९: मोजमाप, आराखडे आणि नक्कल (प्रकल्प नोंदी)

१४ जानेवारी २०२४, बर्मिंगहॅम

आधी कामाचं स्वरूप लिहून ठेवते. चांदीचा मुलामा दिलेला एक साधा व्हिक्टोरियन टोस्ट रॅक हाताशी आहे. त्याचं पूर्ण मोजमाप घ्यायचं, वर्कशॉपमध्ये वापरता येतील असे आराखडे काढायचे, त्यावरून एक नक्कल बनवायची आणि तिच्यावर विजेनं चांदी चढवून घ्यायची. आराखडे आणि या नोंदी पुण्यात औद्योगिक डिझाइन शिकणाऱ्या मुलांसाठी आहेत. त्यांच्या अभ्यासात हा काळ दोन पानांत आटोपतो आणि त्या दोन पानांत एक वाक्य हमखास असतं: यंत्रं आली, म्हणून वस्तू साध्या झाल्या.

मला हे पटत नाही. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनातल्या वस्तूंची चित्रं काढून पाहा. वाफेचं इंजिन जोरात होतं, ठशांचे प्रेस होते, विजेचा मुलामा होता, आणि तरीही चहादाणीवर वेली, वेलींवर पक्षी, झाकणावर फळांचा घोस. ठसा एकदा कोरला की नक्षी जवळपास फुकट पडते. यंत्रानं आधी नक्षी स्वस्त केली. मग पुढच्या तीस वर्षांत काही वस्तू इतक्या मोकळ्या, सरळ रेषांच्या कशा झाल्या? एक वस्तू हातानं पुन्हा बनवून पाहिली तर निदान नेमका प्रश्न तरी कळेल.

२० जानेवारी

वस्तू इथल्याच एका जुन्या बाजारातली. तारेच्या सात कमानी, म्हणजे टोस्टचे सहा काप उभे राहतील. तार गोल, ३.२ मिलिमीटर जाडीची. कमानी दोन आडव्या पट्ट्यांत बसवल्यात, मधल्या कमानीच्या डोक्यावर उचलायला एक कडी, खाली चार गोळीसारखे पाय. नक्षी कुठेही नाही.

उलटा केल्यावर मात्र खरी मजा. प्रत्येक कमानीचं टोक पट्टीतल्या भोकातून आरपार खाली येतं आणि तिथे ठोकून पसरवलंय, रिव्हेटसारखं. वरून ही टोकं दिसत नाहीत, पण लपवलेलीही नाहीत. चौदाच्या चौदा डोकी एका ओळीत, कानशीनं सारखी केलेली. भिंगाखाली कानशीच्या रेघा मुलाम्याखालून अजून दिसतात. वर पॉलिश करणाऱ्यानं जेवढी मेहनत घेतलीय तेवढी खाली घेतलेली नाही, आणि त्यामुळेच वस्तू कशी बनली ते वाचता येतं.

ई, पी, एन, एस (इलेक्ट्रोप्लेटेड निकल सिल्व्हर) ही अक्षरं चार वेगवेगळ्या चौकटींत ठोकलेली आहेत. खऱ्या चांदीवरच्या हॉलमार्कसारखी दिसावीत अशीच ही मांडणी असायची. आत निकल सिल्व्हर, म्हणजे आपल्याकडे जर्मन सिल्व्हर म्हणून विकतात ते: तांबं, जस्त आणि निकलचा मिश्रधातू, चांदीचा कणही नसलेला. वरचा मुलामा कडीच्या माथ्यावर आणि पायांखाली झिजून आतला पिवळसर राखाडी धातू दिसतोय. तिथे हात लागतो, टेबल लागतं, तेव्हा हे अपेक्षितच. पण मधल्या तीन कमानींच्या आतल्या बाजूही तशाच उघड्या पडल्यात. तिथे ना हात पोचतो ना कापड. याचं कारण शोधायचं आहे.

अक्षरांशेजारी नोंदणीचा समभुज चौकोनी शिक्का आहे. तो कसा वाचायचा ते मुलांसाठी सविस्तर लिहिते, कारण या काळातली वस्तू ओळखायला याच्याइतकी भरवशाची खूण दुसरी नाही. १८४२ पासून १८८३ पर्यंत ब्रिटनमध्ये आकार किंवा नक्षी नोंदवली की हा शिक्का मारता यायचा. माथ्यावरच्या वर्तुळात मालाचा वर्ग. रोमन एक म्हणजे धातू. १८६८ नंतरच्या शिक्क्यांत त्याखालच्या कोपऱ्यात दिवस, उजवीकडे वर्षाचं अक्षर, खाली महिन्याचं अक्षर, डावीकडे त्या दिवशीच्या अर्जाचा क्रमांक. अक्षरं क्रमानं नाहीत, तक्ता लागतो. आमच्या शिक्क्यात उजवीकडे वाय, म्हणजे १८७९. खाली एम, म्हणजे जून. वर १८. तर १८ जून १८७९. १८८४ पासून ही पद्धत गेली आणि साधे चढते क्रमांक आले.

३ फेब्रुवारी

थिंकटँक या इथल्या विज्ञान संग्रहालयात गेले होते. वूलरिचचं जनित्र पाहायचं होतं. लाकडाची भक्कम चौकट, नालेच्या आकाराची चुंबकं, मध्ये फिरणारी वेटोळी. १८४४ चं यंत्र. कारखान्यातल्या कामासाठी वापरलेल्या विजेच्या जनित्रांतलं हे सगळ्यात जुनं मानतात, आणि ते काम दिव्यांचं नव्हतं, मोटारींचं नव्हतं. याच शहरातल्या एल्किंग्टन कंपनीच्या कारखान्यात भांड्यांवर चांदी चढवण्याचं होतं. एडिसनचा दिवा यायला अजून पस्तीस वर्षं होती. वीज आधी कारखान्यात शिरली ती जेवणाच्या टेबलासाठी, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

त्याआधीची हकीकत थोडक्यात. १७४० च्या दशकात शेफिल्डच्या थॉमस बोल्सओव्हरनं तांब्याच्या ठोकळ्यावर चांदीचा पत्रा तापवून चिकटवला आणि दोन्ही एकत्र लाटून पत्रा काढला. हा जुना शेफिल्ड प्लेट. त्यात चांदी आधी, आकार नंतर; म्हणून कापलेल्या प्रत्येक कडेला तांबं दिसायचं आणि ते झाकायला कडांना चांदीची तार किंवा नक्षीची पट्टी लावावी लागायची. नक्षीचं एक कारण इथेच सापडतं.

१८४० मध्ये बर्मिंगहॅमचे चुलत भाऊ जॉर्ज आणि हेन्री एल्किंग्टन यांनी पेटंट घेतलं आणि क्रम उलटा झाला: आकार आधी, चांदी नंतर. त्यातली कळीची गोष्ट होती पोटॅशियम सायनाइडच्या द्रावणात विरघळवलेली चांदी. ती शोधली याच शहरातल्या जॉन राइट नावाच्या सर्जननं, आणि एल्किंग्टननी त्याच्याकडून हक्क घेतले. आता कड झाकायची गरज उरली नाही. उघडी तार, आरपार भोक, धारदार काठ, सगळ्यावर चांदी बसते. आमच्यासारखा टोस्ट रॅक जुन्या शेफिल्ड पद्धतीच्या पत्र्यातून कापून बनलाच नसता.

म्हणजे तंत्रानं दार उघडलं. पण एल्किंग्टनची स्वतःची त्या वेळची मिरवण्याची कामं पाहिली तर त्यांनी त्याच विजेनं देवदेवता, वेलबुट्टी आणि जुन्या सोन्याचांदीच्या कामाच्या हुबेहूब नकला काढल्या.

११ फेब्रुवारी

मामाला फोन केला. चिंचवडला त्याचं प्लेटिंगचं वर्कशॉप होतं, आता निवृत्त आहे. त्याला रॅकचे फोटो पाठवले होते.

"मामा, मधल्या कमानी आतून का उघड्या पडल्या असतील?"

"अगं, तिथे करंट पोचतच नाही. बाहेरच्या कमानी आणि कोपरे सगळा माल खाऊन टाकतात. मधल्याला उरलंसुरलं. कुठल्याही टाकीत हेच."

"मग त्यांनी काय केलं असेल?"

"जॉब फिरवत राहायचा, अ‍ॅनोड दोन्ही बाजूंना लावायचे, करंट कमी ठेवून वेळ जास्त द्यायचा. घाई केलीस तर कोपरे जळतात. आणि एक सांगतो, असा गुळगुळीत जॉब सगळ्यात अवघड. नक्षीत पाप लपतं. आरशात नाही लपत."

(जॉब म्हणजे मुलामा द्यायची वस्तू; अ‍ॅनोड म्हणजे टाकीत टांगलेल्या, विजेच्या धन टोकाला जोडलेल्या चांदीच्या पट्ट्या.) यावर तो बराच वेळ बोलला. बफ, म्हणजे पॉलिशचं चाक, मारताना एक रेघ राहिली तर चांदी चढल्यावर ती दुप्पट दिसते, धुताना तेलाचा एक ठिपका राहिला तर तिथली साल निघते, वगैरे. प्लेटिंग ही गोष्ट आपल्याकडे कल्हईसारखी, म्हणजे भांड्याला शेवटी द्यायचा एक हात, अशी समजली जाते. मामाच्या बोलण्यातून उलटंच दिसतं: टाकीचा विचार पहिल्या रेघेपासून करावा लागतो.

रात्री हिशेब केला. रॅकचं एकूण पृष्ठफळ साधारण २६० चौरस सेंटिमीटर येतं. २० मायक्रॉन जाडीचा थर द्यायचा तर चांदी लागेल जवळपास साडेपाच ग्रॅम. फॅरडेच्या नियमानं एका अँपिअर-तासाला चार ग्रॅमच्या आसपास चांदी बसते, म्हणजे सुमारे १.४ अँपिअर-तास. दर चौरस डेसिमीटरला अर्धा अँपिअर धरला तर करंट १.३ अँपिअर आणि वेळ तासाभराहून थोडा जास्त. हाच रॅक अख्खा स्टर्लिंग चांदीत केला असता तर सव्वादोनशे ग्रॅम लागले असते. चाळिसातला एक भाग चांदी, आणि टेबलावर बसल्या जागेवरून फरक दिसत नाही. दुकानदार, कारकून, शाळामास्तर यांच्या घरात चांदीची चमक कशी पोचली त्याचं उत्तर या भागाकारात आहे.

सायनाइडचं काम घरी करायचं नाही, हे मुलांसाठी वेगळ्या ओळीत लिहिते. नक्कल परवाना असलेल्या वर्कशॉपमधूनच प्लेट करून घ्यायची.

२ मार्च

लंडनमधल्या क्यूला, नॅशनल आर्काइव्ह्ज या राष्ट्रीय अभिलेखागारात. १८८३ पर्यंतच्या नोंदवलेल्या आकारांची चित्रं बीटी ४३ या मालिकेत आणि नोंदवह्या बीटी ४४ मध्ये. वही येईपर्यंत वाट पाहिली आणि मग अठरा जूनचं पान उघडलं.

चित्र आहे. शाईतलं, तळहाताएवढं, फक्त बाह्यरेषा. छाया नाही, फुलापानांचा मागमूस नाही. कमानीचा माथा अचूक अर्धवर्तुळ आहे आणि त्याच्या मध्यबिंदूवर कागदाला कंपासच्या टोकाचं बारीक भोक पडलंय. बोट जवळ नेलं तर कागदाची उठलेली कड दिसते. कुणीतरी पट्टी आणि कंपास घेऊन बसलं आणि या वस्तूवर काय नसेल ते ठरवलं. नोंदवहीत पेढीचं नाव आणि पत्ता आहे. बर्मिंगहॅमचीच एक लहान पेढी. चित्र काढणाऱ्याचं नाव नाही. नोंदवहीत ते लिहायला रकानाच नव्हता. मालकाचं नाव हवं होतं, कारण हक्क मालकाचा.

१६ मार्च

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात (त्या काळातलं साउथ केन्सिंग्टन संग्रहालय), ख्रिस्तोफर ड्रेसर या व्हिक्टोरियन डिझायनरच्या वस्तूंसाठी. आमचा रॅक ड्रेसरचा आहे असं म्हणायला माझ्याकडे काहीही आधार नाही आणि मी तसं म्हणणारही नाही. विक्रेते असल्या प्रत्येक सरळ दांड्याच्या वस्तूवर त्याचं नाव चिकटवतात. पण १८७९ मध्ये बर्मिंगहॅममध्ये अशी वस्तू बनते तेव्हा हवेत कोण होतं, ते पाहायलाच हवं.

ड्रेसर १८३४ मध्ये ग्लासगोत जन्मला आणि तेराव्या वर्षी लंडनच्या सॉमरसेट हाउसमधल्या सरकारी डिझाइन शाळेत दाखल झाला. या शाळा १८३७ पासून सुरू झाल्या त्या कलावंत घडवायला नव्हे, कारखान्यांना आराखडे देणारी माणसं हवी होती म्हणून. (हीच घडी पुढे साउथ केन्सिंग्टनहून मुंबईला आली. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ चं, आणि १८६५ मध्ये तिथे शिकवायला आलेला जॉन लॉकवुड किपलिंग साउथ केन्सिंग्टनच्या बांधकामावर काम केलेला होता.) ड्रेसर मुळात वनस्पतिशास्त्राकडे वळला. येना विद्यापीठानं त्याला डॉक्टरेट दिली. १८६० मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकपदासाठी त्यानं प्रयत्न केला, ते मिळालं नाही. त्यानंतर डिझाइन हाच पूर्णवेळ व्यवसाय. भिंतीचे कागद, गालिचे, मातीची भांडी, ओतीव लोखंडाच्या खुर्च्या. आणि धातूत बर्मिंगहॅमचे हुकिन अँड हीथ, शेफिल्डचे जेम्स डिक्सन अँड सन्स, पुढे एल्किंग्टनसुद्धा. त्याचा स्वतःचा कारखाना यातला एकही नाही. तो आराखडे विकायचा.

१८७६ च्या अखेरीस तो जपानला गेला आणि १८७७ च्या वसंतापर्यंत तिथे फिरला, साउथ केन्सिंग्टन संग्रहालयाची भेट म्हणून पाठवलेल्या वस्तू घेऊन. परतल्यानंतरच्या दोनतीन वर्षांत त्याची धातूची सगळ्यात निर्भीड कामं आली. अनेकजण इथे थांबतात: जपान पाहिला, म्हणून साधेपणा आला. जपानचा वाटा मोठा आहे यात शंका नाही. पण जपानला जायच्या आधीच, १८७३ मध्ये छापलेल्या त्याच्या सजावटीच्या तत्त्वांवरच्या पुस्तकात तो चांदीबद्दल लिहून बसला होता: धातू महाग आहे तर तो जपून वापरा, पातळ पत्रा घ्या आणि वाकवून, उठाव देऊन त्याला ताकद आणा. चहादाणीचा दांडा आणि तोटी कुठे बसवायची हे डोळ्याच्या आवडीवर न सोडता तो वजनाच्या तोलावरून ठरवायला सांगतो. हे लिहिणारा माणूस झाडाच्या देठाकडे बघून शिकलेला आहे. देठ कमीत कमी द्रव्यात उभा राहतो.

काचेपलीकडच्या वस्तूंत मला सगळ्यात जास्त थांबवलं ते एबनीच्या, म्हणजे आबनूस लाकडाच्या, काळ्या दांड्यांनी. चांदी उष्णता इतकी वाहून नेते की धातूचा दांडा हाताला चटका देणार; म्हणून लाकूड. इतर कारागीरही लाकूड वापरायचे, पण ते वळवून, कोरून, धातूच्या वेलीत गुंफून. ड्रेसर सरळ गोल काठी घेतो आणि दोन टोकांना धातूच्या टोपणांत बसवतो. काठी काठीसारखी दिसते, टोपण टोपणासारखं. जोड उघडा आहे. आमच्या रॅकच्या खालच्या चौदा रिव्हेटांची आठवण होणारच.

डिक्सनसाठी १८७९ च्या सुमारास त्यानं काढलेली चौकोनी चहादाणी, टोकावर उभी आणि मधोमध आरपार चौकोनी भोक असलेली, चित्रांतून सगळ्यांना माहीत असते. आज ती पाहून विसाव्या शतकाची चाहूल वगैरे म्हणतात. मी ती बनवण्याच्या अंगानं पाहते. इतके सपाट पृष्ठभाग, इतक्या सरळ कडा, प्रत्येक कडेला जोड, आणि भोकाच्या आतल्या चार भिंतींवर चांदी पोचवायची. ही स्वस्त वस्तू नाही. घोस आणि पक्षी असलेली ठशातली चहादाणी कदाचित हिच्याहून कमी मेहनतीत निघाली असती. साधेपणा ही खर्चाची बचत होती असं सरसकट म्हणणाऱ्यांनी हे भोक डोळ्यांसमोर ठेवावं.

आणि शिक्के. डिक्सनच्या काही वस्तूंवर ड्रेसरची सही ठोकलेली आहे, हुकिन अँड हीथच्या काहींवर 'डॉ. सी. ड्रेसर यांचं डिझाइन' अशा अर्थाची ओळ. कारखान्यातून निघणाऱ्या रोजच्या वापराच्या वस्तूवर, ती न बनवणाऱ्या आणि कारखान्याचा मालक नसलेल्या माणसाचं नाव! क्यूच्या वहीत नसलेला रकाना इथे धातूवर ठोकलेला आहे.

७ एप्रिल

निकल सिल्व्हरची तार आणि पट्टी आली. कमानी वाकवायला लाकडी साचा केला. आराखड्यांचे पहिले तीन कागद पूर्ण.

२१ एप्रिल

जोडणी झाली. कमानीचं टोक भोकातून काढून ठोकताना कळतं की भोक आणि तार यांच्यात केसभर फट राहिली तरी कमान तिरकी होते, आणि सात कमानी ओळीनं उभ्या असल्या की एकीचा तिरकेपणा लगेच डोळ्यांत येतो. मूळ वस्तूत एकही तिरकी नाही. ठोकणारा हात सराईत होता आणि भोकं पाडायला नक्की जिग, म्हणजे जागा पक्क्या ठरवणारा साचा, असणार; चौदा भोकांतली अंतरं मोजली तर फरक दशांश मिलिमीटरच्या आतबाहेर.

जोडणीपेक्षा कितीतरी जास्त वेळ बफिंगला लागला. सात तारांच्या मधल्या जागेत चाक शिरत नाही, तिथे पट्टीनं आणि दोरीनं घासावं लागतं. शेफिल्डमध्ये हे काम बायका करायच्या. बफर गर्ल्स म्हणत त्यांना. डोक्याला फडकं, अंगाभोवती तपकिरी कागद गुंडाळलेला, चाकावर तेल आणि वाळू, दिवसभर काळा चिखल उडतोय तोंडावर. साध्या पृष्ठभागाची किंमत नक्षी कोरणाऱ्याच्या खात्यातून निघून यांच्या खात्यात गेली. डिझाइनच्या इतिहासात साधेपणावर पानंच्या पानं लिहितात, त्यात त्या तपकिरी कागदाचा उल्लेख असायला हवा, असं मला अगदी मनापासून वाटतं. मुलांच्या अभ्यासपत्रिकेत मी तो घातला आहे.

२५ एप्रिल

ज्वेलरी क्वार्टर या बर्मिंगहॅमच्या दागिने-कारागिरांच्या भागातल्या एका लहान प्लेटिंग वर्कशॉपमध्ये रॅक दिला आणि उभी राहून पाहू दिलं त्यांनी. गरम अल्कलीत धुणं, पाणी, आम्लात बुडवणं, पाणी, मग स्ट्राइक: चांदी अगदी कमी आणि सायनाइड भरपूर असलेली टाकी, काही सेकंदच. ती टाळली तर चांदी विजेआधीच धातूवर सैलसर चिकटते आणि नंतर साल निघते. व्हिक्टोरियन कारागीर यासाठी जॉब पाऱ्याच्या क्षारात बुडवून घ्यायचे; ते आता बंद झालं हे उत्तमच. मग मोठी टाकी, दोन्ही बाजूंना शुद्ध चांदीचे अ‍ॅनोड, दांडा हळूहळू पुढेमागे हलतोय. रॅक बाहेर आला तो दुधट पांढरा.

चमक पुन्हा बफनं आणायची. टाकीतूनच चकचकीत चांदी काढायची युक्ती १८४७ ची, द्रावणात कार्बन डायसल्फाइडचे थोडे थेंब. पण हाताच्या पॉलिशची खोली तिला येत नाही असं इथल्या उस्तादाचं मत, आणि दोन्ही नमुने शेजारी ठेवल्यावर माझंही.

१२ मे

क्ष-किरणांच्या उपकरणावर थराची जाडी मोजून मिळाली. टोकाच्या कमानीच्या खांद्यावर २७ मायक्रॉन, मधल्या कमानीच्या बाहेरच्या बाजूला १८, आतल्या बाजूला १२. जॉब हलवत ठेवून, अ‍ॅनोड दोन्हीकडे लावून हे. तेव्हा मूळ वस्तूच्या मधल्या कमानी आतून का उघड्या पडल्या याबद्दल मामाचं म्हणणं आकड्यांत उतरलं. त्याला आकडे पाठवले, त्यानं परत विचारलं की पायांखाली किती आहे. ते मोजायला सांगितलंय.

आराखड्यांच्या सातव्या कागदावर आता पृष्ठभागाशेजारी अपेक्षित थराची जाडीही लिहिली आहे, म्हणजे रेघ मारतानाच कुठे चांदी कमी बसणार ते मुलांना दिसेल. कमानींमधलं अंतर १७ मिलिमीटर ठेवलं ते टोस्टच्या जाडीसाठी आणि वाफ निघून जाण्यासाठी; तेच अंतर ४ मिलिमीटरनं वाढवलं तर आतल्या थरात किती फरक पडतो, ते तारेच्या उरलेल्या तुकड्यांवर करून पाहायचं आहे. वर्कशॉपनं जूनमधली तारीख दिली आहे. त्यानंतर दुसरी वस्तू: एबनीच्या दांड्याची चहादाणी, ड्रेसरच्या तोलाच्या नियमासाठी, रिकामी आणि भरलेली दोन्ही वेळा वजन करून.